भवानी घरच्या ब्लॉकची

झुंबर पालवे नेमकं काय काम करतो, हे सरावलीच्या चाळीत कोणालाच नीट सांगता यायचं नाही. शेजारी कोणी कापडाच्या मिलमध्ये, कोणी औषधांच्या कंपनीत, कोणी अणुकेंद्राच्या कॅन्टीनला. त्यांचं एका शब्दात भागायचं. झुंबरचं काम सांगायला बसलं की हातातला चहा निवायचा. शेवटी त्याच्या बायकोनं, नर्मदेनं, ते सोपं करून टाकलं. कोणी विचारलं की ती म्हणायची, “आमचे हे कॉम्प्युटरला पाणी पाजतात.” ऐकणारा हसायचा आणि पुढचं विचारायचा नाही.

तसं तिचं खोटं नव्हतं. मोठाले कॉम्प्युटर असतात, ते काम करता करता तापतात. इतके तापतात की पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचं काही होत नाही. मग त्यांच्या आतल्या तापणाऱ्या चिपवर तांब्याचा एक ठोकळा बसवतात. त्याला म्हणायचं ब्लॉक. दिसायला ग्लुकोजच्या बिस्किटाएवढा, पण आत फणीच्या दातांपेक्षा बारीक चिरा पाडलेल्या. एका तोंडानं गार पाणी आत जातं, चिरांमधून फिरतं, उष्णता अंगावर घेतं आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर पडतं. ट्रकवाल्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्या बॉनेटखाली तेच चाललेलं असतं.

झुंबर मूळचा पाथर्डीकडचा. मावसभावाच्या ओळखीनं बोईसरला आला आणि एका रसायनाच्या कारखान्यात चिकटला. तिथल्या वासानं त्याला असा खोकला धरला की चाळीतले लोक त्याच्या खोकल्यावरून घड्याळ लावायचे. मग प्रफुल्लशेठनी त्याला आपल्या शेडमध्ये घेतलं. हे शेठ पालघरचे. वडिलांचं तिथं लोखंडी सामानाचं दुकान. मुलानं एमआयडीसीत पत्र्याची शेड घेतली आणि कारखान्यांना तांब्याच्या नळ्यांची वेटोळी करून द्यायला लागला. झुंबरचा खोकला बसला. तांब्याला वास नसतो.

आता झुंबर कसा माणूस, हे कळायला माठाची गोष्ट सांगावी लागेल.

एका उन्हाळ्यात नर्मदेला माठ हवा होता. बाजारात दोन मिळाले, एक काळा आणि एक लाल. नर्मदा म्हणे काळा गार करतो, शेजारीण म्हणे लाल. झुंबरनं दोन्ही उचलून आणले. एकाच हंड्यातलं पाणी दोन्हींत भरलं आणि दोन स्टुलांवर शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्या दिवशी लाल माठाचं पाणी जास्त गार. शेजारीण खूश. झुंबर म्हणाला, थांबा. त्यानं माठांच्या जागा बदलल्या. तर काय, त्याच्या दुसऱ्या दिवशी काळा जास्त गार! म्हणजे गुण माठाचा नव्हताच, दाराकडच्या स्टुलाचा होता. तिथं वारा लागत होता. चाळीत किती दिवस हसणं चाललं होतं. दोन माठ घेतले आणि पारख झाली वाऱ्याची, असं म्हणायचे लोक.

तर असा हा माणूस. प्रफुल्लशेठच्या डोक्यात ब्लॉक करायचं आलं, तेव्हा त्यांनी मोजणीचं काम झुंबरकडे दिलं ते याच कीर्तीवर.

शेडमध्ये परदेशातून मागवलेला एक ब्लॉक होता. बाजारात त्याचा बोलबाला. आपला ब्लॉक त्याच्यापेक्षा सरस ठरला तर पुण्याची एक कॉम्प्युटर जोडणारी कंपनी माल घेणार होती. पॉलिशला दोन बाया होत्या, पाम गावची कमळी आणि दांडी गावची मंदा. त्यांनी परदेशी ब्लॉकचं नाव ठेवलं पाहुणा, आणि आपला तो घरचा. “आज पाहुण्याला कितीचा ताप?” असं मंदा विचारायची, जशी काही दवाखान्यातली नर्स.

पहिल्यांदा झुंबरनं खऱ्या कॉम्प्युटरवर मोजून पाहिलं. दोन्ही ब्लॉक सारखेच निघाले. तो बुचकळ्यात पडला. मग लक्षात आलं की कॉम्प्युटर कामचुकार आहे. जरा गरम झाला की आपला आपण हात आखडता घेतो, म्हणजे तापायचंच थांबतो. मजूर ऊन लागलं की सावलीत सरकतो तसं. त्याच्यावर ब्लॉकची पारख कशी करायची? म्हणून झुंबरनं चिपच्या मापाचा तांब्याचा ठोकळा घडवला, त्यात हीटर बसवला. हा हीटर ना सुस्तावायचा, ना उत्साह दाखवायचा. ब्लॉकखाली लावायची करडी पेस्ट दरवेळी मोहरीच्या दाण्याएवढी. चारही स्क्रू सारखेच आवळायचे, समोरासमोरचे आधी. पंप एकच, नळ्या त्याच, पाणीही त्याच टबातलं. एकदा मोजलं की ब्लॉक काढायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण एखाद्या वेळी पेस्टच नीट पसरत नाही आणि बिचाऱ्या ब्लॉकवर आळ येतो.

एवढं सगळं सांभाळलं. आणि घरचा ब्लॉक जिंकला. पाहुण्यापेक्षा दोन-अडीच अंशांनी गार. त्या दिवशी मंदानं सुक्या कोळंबीच्या सोड्यांचं कालवण करून आणलं होतं.

तिथून वर्षभर चढतंच गेलं. झुंबर चिरा आणखी बारीक करायचा, तर ब्लॉक आणखी गार. पाण्याचं तोंड मधोमध आणलं, आणखी गार. प्रफुल्लशेठनी नळ्यांचं जुनं काम दुसऱ्या शेडवाल्याला देऊन टाकलं आणि सगळी माणसं ब्लॉकवर लावली. झुंबर आयुष्यात प्रथमच सकाळी घाईनं कामाला जायचा. नर्मदा त्याला म्हणायची, अवो, लग्नात एवढी घाई केली नव्हती तुमी.

आता शेडमधली एक रीत सांगायची राहिली. शेठच्या वडिलांनी दुकानात घालून दिलेली. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि ती चांगली तर दिवस चांगला. शेडमध्ये विक्री कुठली, म्हणून तिथं रीत अशी झाली की सकाळी पहिला हात घरच्या मालाला लागला पाहिजे, परक्याच्या नाही. मंदा उदबत्ती लावायची, घरच्या ब्लॉकला हळदकुंकू लावायची, आणि मग झुंबर तो मोजणीला चढवायचा. पाहुण्याचा नंबर जेवण झाल्यावर. ह्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कोणाला वाटलंच नाही. वाटेल कसं? सकाळी उठून आपण आधी उजवा पाय टाकतो की डावा, ह्याचा हिशोब कोण ठेवतो?

मग एके दिवशी सकाळीच ट्रान्सफॉर्मर उडाला. लाईट आली ती जेवणं झाल्यावर. मंदानं तेव्हा उदबत्ती लावली, दिवसाची भवानी तेव्हा झाली. झुंबरनं घरचा ब्लॉक चढवला आणि काट्यावरची काच पुसून पुन्हा पाहिलं. घरचा ब्लॉक पाहुण्याच्या रोजच्या आकड्याच्याही वर गेला होता. नळीत हवा अडकली असेल म्हणून त्यानं नळ्या हलवल्या. पेस्ट पुसून नव्यानं लावली. स्क्रू सोडून पुन्हा आवळले. काटा हलला नाही. कमळी म्हणाली, “भाऊ, त्यालाबी उनाचा तरास होतोय. माणसानं भर दुपारी कामाला जुंपू नये.” सगळे हसले. झुंबरही हसला.

संध्याकाळी जेवताना त्यानं हे नर्मदेला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, “मग दोघांच्या जागा बदलून बघितल्या का? माठांच्या बदलल्या व्हत्या की.”

झुंबर म्हणाला, अगं जागा एकच आहे, दोघं एकाच हीटरवर बसतात. आणि पुढचा घास त्याच्या हातातच राहिला. जागा एकच होती. वेळ एक नव्हती. एक रोज सकाळी बसत होता, दुसरा रोज दुपारी.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक साधी गोष्ट केली. टबातल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला. सकाळी ते विहिरीच्या पाण्यासारखं गार होतं. रात्रभर शेडमध्ये निवलेलं. दुपारपर्यंत वरचा पत्रा तापला, हीटरची उष्णता त्याच पाण्यात मुरत राहिली, आणि जेवणानंतर हात घातला तर ते अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. पाणी तेच म्हणून तो वर्षभर निश्चिंत होता, आणि ते पाणीच दिवसभर बदलत होतं. घरच्याला रोज गार पाणी मिळालं, पाहुण्याला रोज कोमट. पाहुण्याला शिळं वाढायचं आणि म्हणायचं ह्याला भूकच नाही.

मग त्यानं न्यायानं मोजलं. आत जाणाऱ्या पाण्याचं तापमान एका काट्यावर, हीटरच्या ठोकळ्याचं दुसऱ्यावर, आणि दोन्हींतला फरक तेवढा धरायचा. कधी हा आधी, कधी तो आधी. पाहुणा जिंकला. फार नाही, दीडेक अंशानं. पण जिंकला, आणि दरवेळी जिंकला.

इथवरही झुंबरनं सोसलं असतं. पण त्याच्या कपाटात वर्षभरातले घरचे जुने ब्लॉक होते. जाड चिरांचे, बारीक चिरांचे, तोंड कडेला असलेले, मधोमध असलेले. त्यानं ते एकेक करून नव्या रीतीनं चढवले. सगळे सारखे. पहिला आणि शेवटचा, काही फरक नाही. नवा ब्लॉक तयार झाला की तो कौतुकानं सकाळी पहिला चढवायचा, आणि जुना, तुलनेपुरता, दुपारी. वर्षभर तो ज्याला सुधारणा समजत होता ती सकाळ होती.

हे त्यानं प्रफुल्लशेठना सांगितलं तेव्हा शेठ फोनवर बोलत होते. फोन पुण्याचाच होता. स्वाती मॅडम म्हणून तिथल्या इंजिनियर होत्या. त्या स्वतः येऊन मोजणी बघणार होत्या आणि मग ठरवणार होत्या. शेठनी फोन ठेवला आणि झुंबरचं सगळं ऐकलं. त्यांनी स्वतः टबात बोट घालून पाहिलं. मग पँटला पुसलं.

“मॅडम येतील तेव्हा आपण काही नवीन करायचं नाही,” ते म्हणाले. “सकाळी आपला, जेवणानंतर पाहुणा. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, झुंबर. फक्त जेवणाची वेळ पाळायची.”

झुंबर म्हणाला, “शेठ, मग जो ब्लॉक त्यांच्याकडं जाईल त्यो दुपारीबी चालवत्यातच ना?”

शेठ म्हणाले, नळ्यांचं काम आपण देऊन बसलोय, हे तुला माहीत आहे ना? तो शेडवाला आता परत देणार नाही. झुंबरला माहीत होतं. कमळीला, मंदाला, सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी माल घेतला नाही तर ह्या शेडमध्ये उद्या करायला काही नव्हतं.

मॅडम यायला थोडे दिवस होते. त्या दिवसांत झुंबरनं जे जे सुचलं ते केलं. बूड आरशासारखं सपाट केलं. मंदा पॉलिशचा कागद घासून घासून बोटं सोलून घ्यायची. चिरांवर पाणी नेमकं पडावं म्हणून आत चीर पाडलेली पत्री बसवली. दरवेळी तो न्यायानं मोजायचा, आणि दरवेळी काटा म्हणायचा, नाही. खोटी मोजणी होती तेव्हा रोज काहीतरी साधायचं. खरी मोजणी आली आणि काहीच साधेना. त्याला कळून चुकलं की पाहुण्याच्या आत काहीतरी आहे जे त्याच्या ह्या शेडमध्ये, ह्या यंत्रावर, त्याच्या ह्या हातांनी होण्यासारखं नाही. चिरा बघायला ब्लॉक कापूनही पाहिला असता, पण पाहुणा एकच होता.

स्वाती मॅडम सकाळीच आल्या. साध्या बाई, आल्या आल्या शेडभर हिंडल्या, टबाशी वाकल्या, नळीला हात लावून पाहिला. मंदानं उदबत्ती लावली. ताटात घरचा ब्लॉक हळदकुंकू लावून तयार, शेजारी पाहुणा कोरडा. मॅडमनी सहज विचारलं, आधी कोणता लावता?

प्रफुल्लशेठ झुंबरकडे बघत होते. मंदा बघत होती. नेहमीसारखा घरचा उचलला असता तरी चाललं असतं, पुढं आलटून पालटून मोजता आलं असतं. झुंबरनं नंतर नर्मदेला सांगितलं की हात पुढं गेलाही होता. पण वर्षभर ज्या हातानं आपलाच उचलला, त्या हातावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

“चिठ्ठ्या टाकू, मॅडम,” तो म्हणाला. “तुमीच उचला.”

दोन चिठ्ठ्या केल्या. मॅडमनी एक उचलली. पाहुणा.

मंदानं तोंडावर हात ठेवला. कमळीनं मान खाली घातली. शेठ बाहेर निघून गेले आणि दारातल्या बदामाच्या झाडाखाली उभे राहिले. झुंबरनं पाहुण्याला पेस्ट लावली, मोहरीएवढी, चार स्क्रू समोरासमोर आवळले. शेडमध्ये इतक्या वर्षांत पहिल्यांदा सकाळचा पहिला हात परक्याच्या मालाला लागला.

दिवसभर मोजणी चालली. चिठ्ठी निघेल तसा ब्लॉक चढायचा आणि उतरायचा. मॅडमनी पाण्याचा काटा पाहिला, फरक कसा धरतो ते विचारून घेतलं, मान हलवली. उन्हं कलायच्या आत सगळं उघड होतं. दरवेळी पाहुणाच जास्त गार.

चहा पिताना मॅडम म्हणाल्या, “पालवे, मी पुष्कळ ठिकाणी फिरते. इतकं सरळ मोजणारं कोणी भेटत नाही.” कप खाली ठेवला आणि पुढं म्हणाल्या, “पण माल मला घ्यावा लागेल तो जास्त गार ठेवणारा. तुम्हीच तर दाखवलंत.”

त्या गेल्या. शेठनी झुंबरला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं झुंबरला पुढं फार वाटायचं. ते एवढंच म्हणाले की चिठ्ठी टाकायची गरज नव्हती.

शेड दसऱ्यापर्यंत रखडत चालली. दसऱ्याला यंत्रांना झेंडूचे हार घातले, आणि हार सुकायच्या आत यंत्रं गेली. हीटर आणि काटे जोडलेला मोजणीचा स्टँड तेवढा पुण्याला गेला. मॅडमनी मागून घेतला. त्यांच्या कंपनीला तो पसंत पडला होता. कसं मोजायचं ते झुंबरनं फोनवर समजावून सांगितलं, पेस्ट किती आणि स्क्रू कोणता आधी. पलीकडून कोणी तरुण माणूस “थँक्यू अंकल” म्हणाला.

झुंबर आता कंत्राटावर एका रसायनाच्या गोडाउनला पिंपं उतरवतो. खोकला परत आला आहे, आणि चाळीचं घड्याळ पुन्हा बरोबर चालतं. कमळी हंगामाला घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली. मंदा दांडीला बोंबील सुकवते आणि बोईसरच्या बाजारात सुकं घेऊन बसते.

शेड का बंद पडली, हे त्या दोघींना पक्कं ठाऊक आहे. पाण्याचं तापमान, काट्यांतला फरक, हे झुंबरनं त्यांना बसून समजावलं होतं. दोघींनी नीट ऐकून घेतलं. मग मंदा म्हणाली, “भाऊ, ते समदं खरं. पन तुमी भवानी पाहुन्याला दिली. लक्ष्मी उठून जानार नाय तर काय करनार?” झुंबरनं परत सांगितलं की भवानी द्यायच्या आधीच आपण हरलेलो होतो. ती म्हणाली, मग वर्षभर जिंकत कसे होतो? रोज भवानी आपल्याला होती म्हणूनच ना?

आणि अगदी तसंच होतं. ती जे सांगत होती आणि तो जे सांगत होता, ते एकच होतं. फक्त तिचं ऐकलं की चूक झुंबरची ठरायची.

परवा सकाळी नर्मदेनं त्याला सुकट आणायला बाजारात धाडलं. मंदा नुकतीच येऊन बसली होती. पाटीवरचं फडकं अजून काढायचं होतं. झुंबरला बघून तिला बरं वाटलं. तिनं खोकल्याची चौकशी केली, वहिनी कशा आहेत विचारलं, कमळीचा काय निरोप नाय, असं म्हणाली. फडकं काढून सुकटीचा वाटा करायला लागली. झुंबरनं खिशातून नोट काढून पुढं केली.

मंदाचा हात मधेच थांबला. ती नोटेकडं बघत राहिली, मग रस्त्याकडं.

“भाऊ,” ती हळू म्हणाली, “राग नका मानू. भवानी झाली नाय अजून. आधी दुसरं कोन येऊ दे. मग तुमाला देते, जास्त देते.”

झुंबर म्हणाला, बरं. तो तिच्या पाटीपासून जरा बाजूला सरकला, पानाच्या बंद टपरीच्या सावलीत, हातात रिकामी पिशवी धरून. बाजार अजून भरायचा होता. रस्त्यानं कारखान्यांच्या पाळीची माणसं घाईनं चालली होती, आणि सुकट घ्यायला कोणीच थांबत नव्हतं.